लिहिलेले दुसऱ्याला उघडता यावे म्हणून

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत पंचशील, अष्टांगिक मार्ग, बाबासाहेबांचे आर्थिक विचार अशा विषयांवर अभ्यासू वक्त्यांनी आपले विचार मांडले. त्यांच्यानंतर मी 'फाँट' हा विषय घेऊन उभा राहिलो, म्हणून पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला दिसते आहे. त्यांचे हसणे बरोबर आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून एका बँकेत लिपिक आहे. 'लिपिक' या शब्दात 'लिपी' आहे, एवढाच माझा या विषयावरचा हक्क.

पण यंदा स्मरणिकेसाठी लेख गोळा करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे दिले. कुणी पेनड्राइव्हवर लेख दिला, कुणी ई-मेलने पाठवला, कुणी व्हॉट्सॲपवर. त्यांतील सहा लेख असे निघाले, की लेखकाच्या घरी ते शुद्ध मराठीत दिसत होते आणि माझ्या घरी उघडले की इंग्रजी अक्षरे, चौकोन आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी दिसत होती. एका ज्येष्ठ लेखकांना मी फोन केला, तर ते रागावून म्हणाले, "मी चार महिने खपून लिहिले आणि तुम्ही म्हणता वाचता येत नाही?" त्यांचा राग समजण्यासारखा होता. लेख चांगलाच होता, पण तो त्यांच्याच संगणकात अडकून पडला होता.

हा केवळ स्मरणिकेपुरता त्रास असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. माझ्या स्वतःच्या घरी घडलेली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे मी हा विषय का घेतला ते आपल्या लक्षात येईल.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील कितीतरी गावांतील आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्यांत आमचे गावही होते. माझे वडील तेव्हा तरुण होते. पुढे ते या शहरात आले, कारखान्यात लागले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एका दोनशे पानी वहीत त्या दिवसांची हकीकत लिहून काढली. वडिलांना साहित्य लिहायचे नव्हते. त्यांनी यादी केली होती. वस्तीतील प्रत्येक घर, घरात माणसे किती, ज्वारीची पोती किती गेली, शेळ्या किती, भांडी काय, लेकरांना घेऊन कोण कुठे गेले, कुणाच्या मळ्यात आसरा मिळाला, असे घरवार लिहिलेले होते. मी बँकेत आकडे लिहितो, पण इतकी नेटकी नोंद मी कधी केली नाही.

ती वही त्यांनी २००४ साली एका डीटीपीच्या दुकानात नेऊन टंकलिखित करून घेतली. दुकानदाराने एक छापील प्रत आणि एक सीडी दिली. छापील प्रत एका अभ्यासकाने वाचायला नेली, ती परत आली नाही. मूळ वही पत्र्याच्या पेटीत होती. एका पावसाळ्यात छत गळले, शाई पसरली, पाने एकमेकांना चिकटली. वडील म्हणायचे, "असू दे, सीडी आहे ना." वडील गेले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला ती हकीकत छापून नातेवाइकांना द्यावी, म्हणून मी सीडी उघडली. फाईल उघडली, पण तिच्यात मराठीचा एक शब्द नव्हता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. ज्या फाँटमध्ये ती टंकलिखित झाली होती, तो चालण्यासाठी त्या काळी संगणकाला मागच्या बाजूने एक छोटे कुलूप लावावे लागत असे. ते कुलूप त्या दुकानात होते, आणि दुकान कधीच बंद झाले होते.

वडिलांच्या हातची नोंद माझ्या हातात होती आणि मला ती वाचता येत नव्हती. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी असे का होते, ते बँकेच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत लेजरची मोठमोठी पुस्तके होती. एखाद्या खातेदाराचा खातेक्रमांक ५१२ असेल, तर तो आमच्या शाखेपुरताच ५१२. तोच क्रमांक घेऊन तो दुसऱ्या शाखेत गेला, तर तिथे ५१२ क्रमांकाला भलत्याच माणसाचे नाव निघायचे. पुढे सगळ्या शाखा एका प्रणालीत जोडल्या गेल्या, प्रत्येक खात्याला साऱ्या बँकेत एकच क्रमांक मिळाला, आणि खातेदार कुठल्याही शाखेत गेला तरी त्याचेच खाते उघडू लागले.

अक्षरांचेही असेच आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. पडद्यावर अक्षराचे चित्र काढण्याचे काम फाँट करतो. सुरुवातीच्या संगणकात जे क्रमांक ठरलेले होते, ते इंग्रजी अक्षरांचे होते. मराठीला स्वतःचे क्रमांक सर्वत्र मिळालेले नव्हते. तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवले. आपल्याकडे टंकलेखनाच्या परीक्षेमुळे 'कृतिदेव' फाँट अनेकांना माहीत आहे. त्यात 'काम' हा शब्द पडद्यावर 'काम' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरे म्हणून साठवलेला असतो. 'बाबासाहेब' हे नाव तिथे सी-के-सी-के-एल-के-जी-एस-सी असे पडलेले असते. तो फाँट काढून घेतला, की बाबासाहेब अदृश्य होतात आणि ही नऊ इंग्रजी अक्षरे उरतात.

त्यात आणखी एक अडचण. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने चित्रे बसवली. एका फाँटमध्ये जिथे 'क', तिथे दुसऱ्यात 'म'. म्हणजे प्रत्येक शाखेचे लेजर वेगळे! आपला फाँट जितका दुर्मीळ, तितकी तो दुसऱ्याकडे असण्याची शक्यता कमी.

यात त्या काळच्या लोकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. खिळे जुळवून छपाई करणे महाग होते. नव्वदच्या दशकात डीटीपी आले, आणि आपल्या समाजातील कितीतरी कवींचे पहिले संग्रह, जयंतीची पत्रके, परित्राणपाठाच्या पुस्तिका, मंगल परिणयाच्या पत्रिका त्या फाँटांमुळेच छापल्या गेल्या. आपल्या शहराला लेखनाची आणि नियतकालिकांची मोठी परंपरा आहे. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले, नागसेनवन उभे राहिले, पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' इथूनच निघत राहिले. अशा शहरात स्वस्त छपाई आली, ही मोठीच सोय होती. दोष एवढाच, की आपण छापील कागदाला अंतिम मानले आणि फाईलकडे लक्ष दिले नाही. कागदावर बरोबर उमटले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटले.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागील कल्पना. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी भारतीय मानक म्हणून 'इस्की' ही आपली संकेतावलीही प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये 'अ' चा क्रमांक २३०९ आणि 'क' चा २३२५. मग तो 'क' या शहरात लिहा, नागपुरात लिहा नाहीतर लंडनमध्ये, तो २३२५ च राहतो. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आणि 'मंगल' हा फाँट संगणकासोबतच येऊ लागला. तो अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी तयार केला होता. २००९ साली केंद्र सरकारनेही ई-शासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर जी मराठी आहे, ती युनिकोडच आहे.

मित्रांनो, ही गोष्ट आपल्या धम्माच्या इतिहासाला नवी नाही, असे मला वाटते. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. तोच तिपिटक श्रीलंकेत सिंहली लिपीत आहे, म्यानमारमध्ये बर्मी, थायलंडमध्ये थाई, आपल्याकडे देवनागरीत आणि युरोपात रोमनमध्ये. लिपी बदलली, शब्द बदलला नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक संगणकावर आणला, तेव्हा एकच मजकूर वाचकाला हव्या त्या लिपीत पाहण्याची सोय केली. मजकूर वेगळा आणि त्याचे दिसणे वेगळे, हे तत्त्व त्यात आहे.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. मूळचे ब्राह्मण असलेले दोन भिक्खू भाऊ भगवान बुद्धांकडे आले आणि म्हणाले, की निरनिराळ्या कुळांतून आलेले लोक आपले वचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, तर आम्ही ते छंदस् मध्ये बांधून ठेवतो. भगवंतांनी त्याला नकार दिला आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. या प्रसंगाच्या अर्थाविषयी विद्वानांत चर्चा आहे, ती मी सोडून देतो. मला त्यातून एवढेच कळते, की वचन सुंदर ठेवण्यापेक्षा ते सर्वांना उघडे ठेवणे भगवंतांनी महत्त्वाचे मानले.

सम्राट अशोकाच्या लेखांत तर आमच्या धंद्याचा माणूसच भेटतो. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथील लेखाच्या शेवटी लेखनिकाचे नाव आहे, चपड. लेख ब्राह्मीत आहे, पण आपला हुद्दा सांगणारा 'लिपिकर' हा शब्द त्याने वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीत कोरला. दक्षिणेत ती लिपी किती जणांना वाचता आली असेल? आजच्या भाषेत सांगायचे, तर त्याने एका शब्दापुरता दुर्मीळ फाँट वापरला! आणि चौदाव्या शिलालेखात स्वतः अशोक सांगतो, की कुठे काही अपुरे राहिले असेल तर त्याचे एक कारण लिपिकराची चूक हेही असू शकेल. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, चूक अजून लिपिकाच्याच माथी येते.

आपल्याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातील उपासकाच्या दानाची नोंद आहे. तिथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. या माणसांनी आपली नावे दगडात कोरली. दगड टिकला, अक्षरेही टिकली. पण मधल्या काळात ब्राह्मी वाचणारा कुणी उरला नाही. शेकडो वर्षे गुराखी, वाटसरू ती अक्षरे पाहत होते आणि ती कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा हे लेख पुन्हा बोलू लागले. अक्षर डोळ्यांना दिसणे आणि अक्षर वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राह्मीला विस्मरणात जायला कित्येक शतके लागली. माझ्या वडिलांच्या सीडीला वीस वर्षेही लागली नाहीत.

आता कुणी म्हणेल, युनिकोड आले, मग अडचण संपली. पूर्ण संपलेली नाही. एक म्हणजे जुन्या फाँटांत आजही काम चालते. पुस्तकाची, पत्रिकेची मांडणी करणाऱ्यांना त्यांची सवय आहे. दुसरे म्हणजे युनिकोड फाँटांतही नेहमीचे आणि दुर्मीळ असा भेद आहे. आपल्याला मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आवडतो, 'वऱ्हाड' आणि 'तऱ्हा' यांतील अर्धा 'र' नीट दिसावा असे वाटते, शीर्षकाला ठसठशीत अक्षर हवे असते. म्हणून आपण कुठूनतरी एखादा फाँट आणतो. ती हौस वाईट नाही. पण ती फाईल दुसऱ्याकडे गेली आणि त्याच्याकडे तो फाँट नसला, तर त्याचा संगणक स्वतःच्या मनाने दुसरा फाँट लावतो. शब्द शाबूत राहतात, पण ओळी सरकतात, तक्ते तुटतात, आठ पानांचा लेख दहा पानांचा होतो. नुकसान कमी, पण संपादकाची रात्र जाते.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. विद्यार्थ्यांनी हव्या तर लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, आपली फाईल कोणत्या जातीची आहे ते ओळखा. ('जाती' हा शब्द इथे फक्त फाँटसाठी!) सोपी परीक्षा आहे. एक परिच्छेद निवडा आणि त्याचा फाँट बदलून 'मंगल' करा. मराठी तशीच राहिली, फक्त वळण बदलले, तर फाईल युनिकोडची आहे. मराठीची इंग्रजी झाली, तर ती जुन्या फाँटची आहे. किंवा एक ओळ उचलून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. तिथे मराठी दिसली तर ठीक.

दुसरी गोष्ट, नवीन जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्टने लिहा, मोबाइलवर बोलून लिहा, कसेही लिहा. २०२३ साली आपल्या शहराचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. आपल्या संस्थेच्या नियमावलीत, अर्जांच्या नमुन्यांत ठिकठिकाणी पत्ता बदलायचा होता. ज्या फाईली युनिकोडमध्ये होत्या, त्यांत 'शोधा आणि बदला' करून काम पाच मिनिटांत झाले. जुन्या फाँटमधील फाईलींत 'औरंगाबाद' हा शब्द डोळ्यांना दिसत होता, पण संगणकाला सापडत नव्हता. त्या आम्ही पान पान वाचून दुरुस्त केल्या.

तिसरी गोष्ट, ज्या फाईलीत दुसऱ्याने दुरुस्ती करायची आहे, तिच्यात सर्वांकडे असणारा किंवा सर्वांना मोफत मिळणारा फाँट वापरा. खुल्या परवान्याचे चांगले मराठी फाँट आता उपलब्ध आहेत. 'एक टाइप'चा मुक्ता, गूगलचा नोटो देवनागरी, मराठी वळणाचा तिरो देवनागरी मराठी. ते वाटायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून लेखासोबत फाँटची फाईलही पाठवता येते. विकत घेतलेल्या फाँटचे तसे नाही. तो दहा जणांना वाटणे म्हणजे न दिलेले घेणे आणि दुसऱ्यालाही घ्यायला लावणे. आपण रोज जे दुसरे शील घेतो, ते पेनड्राइव्हलाही लागू आहे.

चौथी गोष्ट, वेगळाच फाँट वापरणे आवश्यक असेल, तर तो फाईलीच्या आत बसवून पाठवा. वर्डमध्ये 'ऑप्शन्स'मध्ये 'सेव्ह' या भागात फाँट फाईलीत बसवण्याची खूण असते. तिच्याखाली आणखी एक खूण असते, फक्त वापरलेलीच अक्षरे बसवा अशी. समोरच्याने दुरुस्ती करायची असेल तर ही दुसरी खूण करू नका. नाहीतर तुमच्या लेखात 'ठ' आलाच नसेल, तर संपादकाला त्या फाँटचा 'ठ' मिळणार नाही. हेही लक्षात ठेवा, की फाँट बसवू द्यायचा की नाही हे तो बनवणाऱ्याने ठरवलेले असते. काही फाँट अजिबात बसत नाहीत, काही फक्त पाहण्या-छापण्यापुरते बसतात, काही दुरुस्तीसाठीही चालतात. मोबाइलवर तर असा आत बसवलेला फाँट बहुधा दिसतच नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

पाचवी गोष्ट, नेहमी दोन फाईली पाठवा. एक दुरुस्तीसाठी आणि दुसरी पीडीएफ, म्हणजे मूळ लेख कसा दिसत होता ते समोरच्याला कळते. सोबत फाँटचे नाव एका ओळीत लिहा. आम्ही बँकेत धनादेशावर रक्कम अंकात घेतो आणि अक्षरातही घेतो, तसेच हे. एकात घोटाळा झाला, तर दुसऱ्यावरून पडताळता येतो.

मात्र केवळ पीडीएफवर समाधान मानू नका, हे मी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. जुन्या फाँटवरून केलेली पीडीएफ दिसायला स्वच्छ असते, पण तिच्यात शब्द शोधला तर सापडत नाही, परिच्छेद उचलला तर कचरा हाती येतो. प्रबंध आता 'शोधगंगा'वर ठेवले जातात. तुम्ही पाच वर्षे राबून मराठवाड्यातील एखाद्या चळवळीवर प्रबंध लिहिला, आणि तो जुन्या फाँटमध्ये असला, तर पुढचा विद्यार्थी तुमच्या विषयाचा शब्द टाकून शोध घेईल तेव्हा आतला मजकूर त्याला सापडणारच नाही. त्याला वाटेल, यावर कुणी लिहिलेलेच नाही. पालीच्या विद्यार्थ्यांनी रोमन पाली लिहितानाही हे पाहावे. 'ए' वरची आडवी रेघ आणि 'एम' खालचे टिंब यांसाठी पूर्वी खास फाँट होते. आता त्या खुणांनाही युनिकोडमध्ये कायमचे क्रमांक आहेत.

आणखी एक गोष्ट. दृष्टिहीन विद्यार्थी संगणकाकडून मजकूर वाचून घेतात. संगणक पडद्यावरचे चित्र वाचत नाही, तो पोटातले क्रमांक वाचतो. जुन्या फाँटमधील 'बाबासाहेब' तो त्यांना सी-के-सी-के असे वाचून दाखवतो. आपल्याला दिसते म्हणून सर्वांना मिळाले, असे आपण समजतो, ते खरे नाही. ज्या समाजाने शतकानुशतके अक्षराबाहेर राहण्याची शिक्षा भोगली, त्याने तरी दुसऱ्याला नकळत अक्षराबाहेर ठेवू नये.

आता वडिलांच्या फाईलीचे काय झाले ते सांगतो. डीटीपीचे काम केलेल्या एका मित्राने अक्षरांची ठेवण पाहून तो फाँट कोणत्या घराण्याचा ते ओळखले. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आता मिळतात, त्यांतील एक त्याने चालवले. बहुतेक मजकूर वाचता येऊ लागला. पण जुन्या फाँटमध्ये अक्षरांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. 'मिलिंद' लिहिताना पहिली वेलांटी आधी, 'म' नंतर. 'धर्म' लिहिताना रफार सर्वांत शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. त्यामुळे उलटापालट करताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, रफार सुटले, 'बुद्ध' आणि 'विद्यापीठ' यांतील जोडाक्षरे फुटली. ती मी अंदाजाने जुळवली. पण आकड्यांचे काय करणार? त्या फाँटमधील मराठी आकडे साधनाला ओळखताच आले नाहीत. जिथे जिथे आकडा होता, तिथे तिथे रिकामा चौकोन आला. अक्षर चुकले तर मागच्यापुढच्या शब्दांवरून कळते. आकडा गेला की गेला.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. मी तिच्यापुढे बसून एकेक घर वाचू लागलो, आणि चौकोन आला की थांबू लागलो. ती डोळे मिटून सांगायची. एका घराच्या वेळी मी म्हणालो, "चार शेळ्या असतील." ती म्हणाली, "चार नव्हत्या रं, सात व्हत्या. दोन तर गाभण व्हत्या." असे आम्ही तेरा रात्री बसलो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची वस्ती तिच्या डोक्यात घरवार उभी होती. जे संगणकाने घालवले, ते एका निरक्षर बाईने परत दिले.

सगळे मात्र मिळाले नाही. तीन घरांचे आकडे तिलाही आठवले नाहीत. त्या घरांतील कुणी आता आम्हाला सापडत नाही. नातेवाइकांना जी पुस्तिका दिली, तिच्यात त्या जागी मी अंदाजाचे आकडे घातले नाहीत. तिथे चौकोन तसेच छापले आहेत.

म्हणून माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे. आपल्या घरी, आपल्या मंडळाच्या कपाटात जुन्या सीडी असतील, फ्लॉपी असतील, जुन्या स्मरणिकांच्या फाईली असतील, बाबासाहेबांना पाहिलेल्या माणसांच्या आठवणी असतील, नामांतराच्या दिवसांच्या नोंदी असतील. त्या घेऊन या. दर रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही दोघे-तिघे बसू. फाईल उघडते का पाहू, युनिकोडमध्ये आणू, मूळ फाईलही जपून ठेवू. पण एक अट आहे. ज्यांना त्या गोष्टी ठाऊक आहेत, त्या वडीलधाऱ्यांनाही सोबत आणा. संगणक मजकूर बदलून देईल, पण तो बरोबर आहे की नाही, हे तेच सांगू शकतील. फाईल एखादे वर्ष थांबेल. माणसे किती थांबतील, हे सांगता येत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या कुणालाही एखादी फाईल पाठवाल, तेव्हा पाठवण्यापूर्वी क्षणभर विचार करा, की ही त्याच्याकडे उघडेल का? वाचता येईल का? चूक निघाली तर त्याला ती दुरुस्त करता येईल का? या तीन प्रश्नांचे उत्तर 'हो' असेल, तरच आपण त्याला काही दिले, असे म्हणता येईल.



नमो बुद्धाय! जय भीम!